पेंढी घेतलेला डॉक्टर

आमच्या जीनमधल्या मजुरांना फुकट डॉक्टर मिळाला, त्या वर्षी मी पंचविशीच्या आत होतो आणि माझा आवाज फार मोठा होता. आज मी हळू बोलतो. मुलांना तो माझा स्वभाव वाटतो, शेजाऱ्यांना सभ्यपणा. बोलताना मी त्यांचा हा समज दूर करत नाही. लिहिताना मात्र तो तसाच ठेवणे मला बरे वाटत नाही.

ढोकीच्या स्टेशनाजवळ ते कापसाचे जीन होते. दिवस मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्याचे, आणि जगात मोठी लढाई चालू होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना आमच्याकडे रेचे म्हणत. त्यांच्या दोन रांगा होत्या. रेच्यांवर बाया, पलीकडे गाठी बांधणारे पुरुष, आणि सगळ्यांवर पांढरी धूळ. आत इतका आवाज असे की माणसाला हाक मारण्यापेक्षा त्याच्या पाठीत रट्टा घालणे सोपे पडे. मुकादम बायांना केसाला धरून उठवी. कुणाला त्यात विशेष वाटत नसे. मी हजेरीमास्तर होतो. माझ्या हातात वेताची छडी असे आणि ती नुसती दाखवण्यासाठी नव्हती.

मालक लिंगायत व्यापारी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सोलापूरच्या गिरण्यांत मजुरांसाठी डॉक्टर ठेवलेला त्यांनी पाहिला आणि ती गोष्ट त्यांच्या मनात बसली. "रेच्याला तेल घालायला आपण माणूस ठेवतोच की," ते मला म्हणाले, "मग रेच्यावरच्या माणसाला नको का?" पुढच्याच हंगामात त्यांनी बार्शीकडचा एक डॉक्टर आणला. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला सौम्य, पण सतत हिशेबात असल्यासारखा. त्याच्याशी झालेला करार माझ्यासमोरच ठरला. दर मजुरामागे वर्षाची एक ठरलेली रक्कम जीन त्याला देणार. औषधे त्याने त्यातूनच आणायची. कुणाला बार्शीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवावे लागले, तर तो खर्चही त्यातूनच. उरेल ते त्याचे. मजुराने मात्र दुसऱ्या कुणाकडे जायचे नाही. गेला तर त्याची सवलत बंद.

आणि डॉक्टरपर्यंत पोचायचे ते माझ्याकडून. "उठसूट कुणी जाऊ नये. आधी तू बघ," अण्णांनी सांगितले होते. सकाळी फाटकाशी उभा राहून मी मनगटे धरून बघे. मला नाडी कळत नव्हती. भीती कळत होती. जो माझ्या नजरेला नजर देई त्याला मी आत पाठवी, जो चाचरे त्याच्या पिंढरीवर छडी बसे. एकदा हगवणीने वाकलेल्या एका माणसाला मी असा परत फिरवला की तो फाटकातच बसला. लोक हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

मजुरांनी मात्र या व्यवस्थेचा आपल्या पद्धतीने अर्थ लावला. ती माणसे आसपासच्या गावांतली, अर्धे वर्ष शेतात आणि अर्धे वर्ष जीनमध्ये. वर्षाला ठरलेले घ्यायचे, ठरलेल्या घरांचे काम करायचे, त्या घरांनी दुसऱ्याकडे जायचे नाही, ही रीत त्यांना नवी नव्हती. न्हावी, लोहार, सुतार असेच तर होते. तेव्हा हा डॉक्टर म्हणजे आपला एक नवा बलुतेदार, एवढे त्यांनी न बोलता ठरवून टाकले. शाळूची काढणी झाली तेव्हा एका दुपारी दहाबारा माणसे डोक्यावर कणसांसकट पेंढ्या घेऊन डॉक्टरच्या दाराशी आली. डॉक्टर चकित झाला, संकोचला, मग हसून म्हणाला, "अरे, एवढे कशाला?" आणि त्याने पेंढ्या आत घेतल्या. कडबा त्याच्या गाईला झाला.

मी शेतकऱ्याच्या घरचा. ती भेट नाही, त्याच्यावर हक्क सांगण्याची रीत आहे, हे मला तिथल्या तिथे कळले. खळ्यावरची पेंढी उचललेल्या माणसाला वर्षभर "नाही" म्हणता येत नाही. मी ते डॉक्टरला सांगू शकलो असतो. मला त्यात गंमत वाटली, म्हणून मी गप्प राहिलो.

चैत्राचे ऊन तापू लागले होते. हंगाम संपत आला होता आणि अण्णांना उरलेला कापूस लवकर उरकायचा होता, म्हणून रेचे जोरात चालवले जात होते. सातव्या रेच्यावर एक तरणी बाई होती. तिचा नवरा गाठींकडे होता. रुळाशी कापूस अडकला आणि तिने तो बोटांनी आत ढकलला, जसा सगळ्याच बाया दिवसातून अनेकदा ढकलत. या वेळी रुळाने बोटे घेतली. मग पंजा घेतला. ती किंचाळली असणार. कुणाला ऐकू आले नाही. शेजारणीच्या तोंडावर रक्ताचा फवारा आला तेव्हा ती शेजारीण धावली. नवऱ्याने लाकडाच्या दांड्याने चामड्याचा पट्टा चाकावरून उडवला. तो सुटलेला पट्टा सापासारखा उसळून एकाच्या गालावर बसला आणि गाल फाटला. रेचा थांबला तेव्हा तिचा हात कोपराखाली पुरणासारखा झाला होता. रुई लाल झाली होती. मुकादम ओरडत होता, "रुई बाजूला करा, रुई!"

डॉक्टरने त्या दिवशी चांगले काम केले, हे मला लिहिलेच पाहिजे. जखम धुतली, हाडे जुळवून फळ्या बांधल्या. तिच्या दातांत फडक्याची घडी होती आणि आम्ही चौघे तिला दाबून होतो. तिने लाथ मारून माझा दात हलवला. "हात वाचेल," डॉक्टर घाम पुसत म्हणाला.

हात वाचला नाही. दोनतीन दिवसांत मजुरांच्या चाळीतल्या तिच्या खोलीत उभे राहवेना, असा वास सुटला. बोटांची टोके काळी पडली, सूज कोपराच्या वर चढली, आणि ती तापात बरळू लागली. नवरा दोनदा डॉक्टरकडे गेला. दोनदा त्याला पुडी मिळाली. मग तो माझ्याकडे आला.

"मास्तर, तुमी सांगा की त्येनला. बार्शीला न्यायची म्हना. गावाकडनं आलेली म्हातारी बघून रडायलाच लागली, हात काढला न्हाय तर पोरगी जाईल म्हन्ते."

मी डॉक्टरकडे गेलो. तो पेटीवर बसून बाटल्या लावत होता. मी म्हणालो, "डॉक्टर, काळं वर चढतंय."

"मला दिसतं ते." त्याने आणखी एक बाटली रांगेत लावली. "या हंगामात तिघांना पाठवलं मी बार्शीला. क्विनाइन काळ्या बाजारातून आणतो. आता हिचं ऑपरेशन, महिनाभराची खाट... माझ्या घरी बहिणीचं लग्न आहे हो. उतरेल. बघू अजून एक दिवस."

"नाही उतरलं तर?"

"तुम्ही हजेरी घ्या, मास्तर."

मग मी अण्णांकडे गेलो. ते कपाळाला भस्म लावून पूजेवरून उठत होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. "डॉक्टर म्हणेल तसं," ते म्हणाले. "औषधातलं मला काय कळतं? मी माझं ठरलेलं दिलंय." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. डॉक्टरचेही पूर्ण खोटे नव्हते. अण्णा डॉक्टरकडे बोट दाखवत होते, डॉक्टर कराराकडे, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत तिचा दंड काळा पडत चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मजूर भाकरी सोडून उठले आणि डॉक्टरच्या दाराशी गेले. नवरा पुढे होता, मी सगळ्यांच्या मागे. डॉक्टर जेवून हात धूत होता.

"दाक्तरसाब, टोपी घाला. चला बार्शीला."

"तिला औषध दिलं आहे."

"औषद नगं. दोन वाजताची गाडी हाय. तुमी संगं चला, तिथल्या दाक्तराला सांगा."

"मी काय तुझा नोकर आहे?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होते. "नोकर कुठं म्हनलं म्या? बलुतं खाल्लंय तुमी आमचं."

"काय खाल्लं?"

"पेंढी घेतली न्हाय का? माझ्या घरची घेतली, ह्येच्या घरची घेतली. तवा न्हाय म्हनायचं हुतं."

डॉक्टर हसला. थकलेल्या माणसाचे ते हसू होते, पण त्यांना ते तसे दिसले नाही. "वेड्या, ती गाईला वैरण झाली," तो म्हणाला.

पहिली थप्पड नवऱ्याची होती. दुसरी कुणाची ते दिसले नाही, कारण तोवर सगळेच त्याच्यावर पडले होते. त्याची बत्तीशी हलली, भुवई फुटली, सदरा फाटला. बाया बाहेरून ओरडत होत्या, "तोंडावर हाना, तोंडावर!" फाटकावरचा पहारेकरी, अरब चाऊस, बंदूक उलटी धरून धावत आला आणि त्याने दस्ता नवऱ्याच्या खांद्यावर घातला. हाड वाजलेले मी ऐकले. "हटो, नै तो मार देतूं सबकू!" तो ओरडत होता. कुणीतरी त्याच्या तोंडावर सरकीची पाटी फेकली, दुसऱ्याने बंदूक ओढून घेतली, आणि तो म्हातारा चाऊस चार माणसांच्या लाथांखाली आला.

मी हे थांबवायला गेलो होतो. असे मी बरीच वर्षे लोकांना सांगितले. मी गर्दीकडे वळलो तेव्हा भिंतीला गाठी ओढायचा लोखंडी आकडा टेकवलेला होता. मी तो उचलला, डॉक्टरला गर्दीतून बाहेर ओढले आणि आकड्याचे टोक त्याच्या बरगडीला लावले. माझ्या मोठ्या आवाजात मी म्हणालो, "चल." सगळ्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली. त्या क्षणी मला झालेला आनंद मी पुढे कधीही विसरलो नाही. ती बाई माझ्या ध्यानातही नव्हती. इतके दिवस फाटकावर मी दुबळ्यांना मारत होतो. आता माझ्या आकड्याच्या टोकापुढे पोशाखातला माणूस कापत होता. दोन्ही वेळा मी स्वतःला योग्यच समजत होतो.

तिला पोत्यावर घालून चौघांनी स्टेशनावर आणले. छोटी गाडी नेहमीसारखी रेंगाळत आली. डब्यात ती फळीवर नव्हे, खालीच पसरली, कारण हलवताना ती ओरडे. बाकावर एका बाजूला तिचा नवरा, एक हात लोंबता, दुसऱ्या बाजूला मी, उपरण्याखाली आकडा, मधे डॉक्टर. वासाने इतर लोक कोपऱ्यात सरकले. पालेभाजीची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी तेवढी जागची हलली नाही.

"चोर धरला व्हय?" तिने विचारले.

"दाक्तर हाय," नवरा म्हणाला.

"अगं बाई! मंग एवढं मारलं कशापाय? दवा कडू हुती का काय?"

डब्यातले दोघेतिघे फिसकन हसले. डॉक्टरही किंचित हसला असावा, पण त्याचा ओठ सुजलेला होता, त्यामुळे मला खात्री देता येत नाही. म्हातारीने पाटीतून काकडी काढली, मोडली आणि अर्धी खाली पडलेल्या बाईच्या तोंडाला लावली. तिने ती चावली नाही.

निजामाची हद्द संपून इंग्रजांची लागे त्या सरहद्दीच्या स्टेशनावर करोडगिरीची, म्हणजे जकातीची, माणसे डब्यात चढली. चोरून जाणारा माल शोधण्यासाठी ती गाठोडी उचकटत. त्यांचा जमादार पुढे आला, नाकाला रुमाल लावला, मग डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"आप कौन? मुँह को क्या हुआ?"

 एका शब्दात डॉक्टर सुटला असता. आम्हाला तिथेच उतरवून बदडले असते, कदाचित गोळीही घातली असती, आणि गाडी तिला घेऊन किंवा तिच्याशिवाय निघून गेली असती. नवरा खाली बघत होता. मी आकडा दाबला. इतका दाबला की टोक कातडीत शिरल्याचे मला दांड्यातून जाणवले.

"डॉक्टर हूँ," तो म्हणाला. "ये मेरी मरीज है. मर रही है. गाडी मत रोकिये."

जमादाराने तिच्याकडे पाहिले, "या अल्ला" म्हणाला आणि खाली उतरला.

बार्शीच्या दवाखान्यात तिला थेट टेबलावर घेतले. बाहेरचा रोगी, म्हणून कुणीतरी जबाबदारीची सही करायला हवी होती. डॉक्टरने ती केली. तिथल्या सर्जनने त्याच्या भुवईवर टाके घालत विचारले, "हे कुणी केलं?" तो म्हणाला, "चालत्या गाडीतून उतरायला गेलो." मग त्याने हात धुतले आणि आत जाऊन तिच्या नाकावर क्लोरोफॉर्मची जाळी धरली. हात खांद्याच्या जरा खाली कापला. ती वाचली.

संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. आकडा मी दवाखान्याच्या आडात टाकून आलो होतो. डॉक्टरच्या सदऱ्यावर बरगडीपाशी रुपयाएवढा रक्ताचा डाग होता. माझी माफी मागायची तयारी चालली होती. वाक्ये मनात जुळत होती.

तोच आधी बोलला. "मास्तर, तुम्ही आकडा लावला नसता, तरी मी शेवटी तिला घेऊन आलोच असतो, असं मला म्हणायचं आहे. दुपारपासून मी ते म्हणून बघतोय. पण ते खरं नाही."

माझी जुळवलेली वाक्ये तिथेच राहिली. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मला पश्चात्ताप करता आला असता. त्याने मला बरोबर ठरवले, आणि ते माझ्याच्याने सोसवले नाही. त्या आकड्यामुळे एक बाई जगली. तो आकडा धरताना मी सुखात होतो. या दोन गोष्टी मी पुढे आयुष्यभर एकमेकींपासून वेगळ्या काढू पाहिल्या.

तेवढ्यात आतून नवरा आला, खांदा बांधलेला, डोळे सुजलेले. तो डॉक्टरच्या पायाशी खाली बसला. "सुदीवर आली," तो म्हणाला. "पानी मागितलं." मग जरा थांबून, अगदी व्यवहाराच्या सुरात, "दाक्तरसाब, उद्याच्या गाडीनं चलायचं न्हवं? चाळीत दोन पोरं तापानं पडलीत. तुमचीच घरं हायती ती."

 ज्याला मारले त्यालाच हा उद्या कामावर बोलावतो आहे, आणि त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही, हे डॉक्टरला उमगेना. मला उमगत होते. गावात काम नाकारणाऱ्याला चोप मिळे, आणि चोप मिळाला म्हणून नाते तुटत नसे. उलट ते तुटू नये म्हणूनच तो असे. पण डॉक्टर त्या गावाचा नव्हता. त्याने हात जोडले, उठला आणि फाटकाबाहेर गेला. पुन्हा तो सरहद्द ओलांडून आमच्याकडे आला नाही.

त्याने तक्रार केली नाही. अण्णांनी केली, त्यांच्या चाऊसच्या बरगड्या मोडल्या होत्या. आम्ही परतलो तेव्हा पोलिसांचा अमीन जीनच्या पटांगणात खुर्ची टाकून बसला होता. पाच माणसांना बैलगाडीच्या चाकाला बांधून फटके मारले, त्यांत त्या मोडक्या खांद्याचा नवराही होता. मला नाही. "हे शिकलेले आहेत, मधे पडले असतील," अण्णा म्हणाले, आणि मी मान खाली घातली. ते मान हलवण्यासारखेच दिसले. आकडा कुणाच्या हातात होता हे बांधलेल्या पाचही जणांना ठाऊक होते. एकही बोलला नाही. शेवटच्या माणसाच्या पाठीवरचे कातडे सुटेपर्यंत मी उभा होतो, आणि माझा तो मोठा आवाज कुठेही उमटला नाही.

पुढच्या हंगामात जीनला डॉक्टर नव्हता. "केलं ते पुरे झालं," अण्णा म्हणाले. "त्यांना सोसत नाही." बार्शीकडचा दुसरा कुणी यायलाही तयार नव्हता, तिकडे गोष्ट पसरली होती. त्या पावसाळ्यानंतर हिवताप जोरात आला. बॉयलरवरचा माणूस गेला. मग चाळीतली दोन माणसे, मग एक बाळंतीण. मी फाटकावर होतो, पण आता कुणी मनगट पुढे करत नव्हते, कारण आत पाठवायला कुणी उरले नव्हते.

ती बाई परत कामावर आली होती. एका हाताने रुईतला कचरा वेचायची. मुकादम तिला अर्ध्या रोजावर घेई. बाळंतिणीला मसणात पोचवून लोक परतले त्या दिवशी ती फाटकाशी थांबली. पदर तुटक्या खांद्यावरून घट्ट खोचलेला होता. मी हळूच विचारले, "बरी आहेस ना, बाई?" मला वाटते, हळू बोलायला मी तेव्हाच लागलो.

"म्या बरी हाय, मास्तर," ती म्हणाली. "माझा जीव वाचला, न्हाय म्हनत न्हाय. पर हात एकटीचा गेला हुता. दाक्तर समद्यांचा घालवला तुमी."

"तुझा नवराही होता की," मी म्हणालो. इतके दुबळे उत्तर मी पुन्हा कधी दिले नसेल.

"त्येला घरात रोज ऐकिवते," ती म्हणाली. "तुमाला कोन ऐकिवनार?"

आणि ती आत गेली, रुई वेचायला.